दारू आणि डिप्रेशनचा सर्व्हे पहिल्यांदाच करताय? मग फॉर्म बनवायच्या आधी हे वाचा

पीएसएमचे (म्हणजे सामाजिक आरोग्य शाखेचे) रेसिडेंट डॉक्टर, एमएसडब्ल्यूची मुलं, सायकॉलॉजीच्या एमएवाले, दरवर्षी कोणीतरी "व्यसन" हा विषय घेतं आणि दुसऱ्याच दिवशी गूगल फॉर्म तयार असतो. तो फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरतो, मित्रांचे मित्र भरतात आणि शेवटी थिसिसमध्ये "४० टक्के तरुण व्यसनाधीन" असं छापून येतं. त्या चाळीस टक्क्यांना काही अर्थ नसतो, कारण ते कशाचे चाळीस टक्के आहेत हेच कोणाला माहीत नसतं. व्यसनाच्या एपिडेमिऑलॉजीमध्ये (कोणात किती आणि का, याच्या अभ्यासात) आकडा काढणं सोपं आहे, तो कोणाला विचारून, काय विचारून, कधी विचारून आला हे सांभाळणं अवघड. म्हणून खाली जे लिहितोय ते बरंचसं त्याबद्दलच आहे. उदाहरण म्हणून एखाद्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) गावांमधला दारू आणि डिप्रेशनचा सर्व्हे धरलाय, तुमचा विषय गांजा किंवा तंबाखू असेल तरी रस्ता साधारण हाच.

स्टेप १: प्रश्न बारीक करा

"ग्रामीण भागातील व्यसनाधीनतेचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते लेबल आहे. प्रश्न असा पाहिजे: अमुक पीएचसीच्या गावांत राहणाऱ्या १८ ते ५९ वयाच्या पुरुषांपैकी गेल्या १२ महिन्यांत किती जण धोकादायक पातळीवर दारू पितात, आणि त्यांच्यात डिप्रेशनची लक्षणं न पिणाऱ्यांपेक्षा जास्त दिसतात का. वय, जागा, काळ, पातळी, चारही गोष्टी आल्या पाहिजेत. "आयुष्यात कधी घेतली का", "वर्षभरात घेतली का" आणि "महिन्याभरात घेतली का" हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येणार.

पातळीचंही तसंच. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्राने देशभर सर्व्हे केला, रिपोर्ट २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक दारू पितात असं आहे, त्याच रिपोर्टमध्ये दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.२ टक्के आहेत, आणि प्रत्यक्ष डिपेंडन्स (दारूशिवाय राहताच येत नाही अशी अवस्था) असलेले २.७ टक्के. तिन्ही आकडे बरोबर. पेपरवाले यातला मोठा उचलून "इतके कोटी व्यसनी" असं ठोकून देतात, तुम्ही ते करू नका.

स्टेप २: आधीचे आकडे वाचा, पण छोट्या अक्षरांतलं वाचा

तीन-चार रिपोर्ट डाउनलोड करून ठेवाच. वर सांगितलेला एम्सवाला, २०१९-२१ चा एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे), बंगळुरूच्या निमहान्सचा २०१५-१६ चा नॅशनल मेंटल हेल्थ सर्व्हे, आणि तंबाखूसाठी २०१६-१७ चा गॅट्स-२ (मोठ्या माणसांच्या तंबाखूचा देशभरचा सर्व्हे).

आता गंमत बघा. एम्सच्या सर्व्हेत पुरुषांमध्ये दारू २७.३ टक्के, एनएफएचएसमध्ये १८.८ टक्के. कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही. एकाचा वयोगट १० ते ७५, दुसऱ्याचा १५ च्या पुढे. एक सर्व्हे फक्त नशेच्या पदार्थांबद्दल, तर दुसऱ्यात लसीकरणापासून कुटुंब नियोजनापर्यंतच्या लांबलचक मुलाखतीत दारूवर मोजकेच प्रश्न. माणूस कशाबद्दल बोलायला बसलाय त्याप्रमाणे उत्तर बदलतं. म्हणून तुमच्या चर्चेच्या प्रकरणात दोन आकडे शेजारी ठेवून "आमचा जास्त आला" असं लिहायच्या आधी दोन्हीकडे प्रश्न काय होता ते बघा.

आणि एक हमखास होणारी गडबड. निमहान्सचा तो सर्व्हे १२ राज्यांत झाला होता आणि त्यात महाराष्ट्र नव्हताच. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड होते. तरी मराठी थिसिसमध्ये "महाराष्ट्रात ४.६ टक्के लोकांना दारूचा विकार" असं सर्रास दिसतं, तो आकडा त्या १२ राज्यांचा मिळून आहे.

स्टेप ३: प्रश्नावली स्वतः बनवू नका

दारूसाठी डब्ल्यूएचओची ऑडिट आहे, दहा प्रश्न, शून्य ते ४० मार्क, ८ किंवा जास्त म्हणजे धोकादायक, २० किंवा जास्त म्हणजे डिपेंडन्सची दाट शंका. (गावात गेल्यावर "आम्ही ऑडिट करायला आलोय" असं मात्र म्हणू नका, ग्रामपंचायतीत धावपळ होईल.) सगळे पदार्थ एकत्र विचारायचे असतील तर असिस्ट, तीही डब्ल्यूएचओचीच. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९, शून्य ते २७, साधारण १० ही रेषा धरतात. निदानापर्यंत जायचं असेल तर मिनी नावाची मुलाखत आहे, निमहान्सने तीच वापरली होती, पण तिला ट्रेनिंग लागतं.

कटऑफ, म्हणजे ही मार्कांची रेषा, दगडावरची रेघ नाहीये. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये दारूसाठीच्या समुपदेशनाची ट्रायल केली, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली, त्यात ३७७ पुरुष घेतले होते आणि ते ऑडिटवर १२ ते १९ वाले. ८ पासून का नाही? कारण त्यांना ज्यांचं पिणं खरोखर नुकसान करण्यापर्यंत गेलंय असे लोक हवे होते. तुमचं काम वेगळं असेल तर रेषा वेगळी असू शकते, फक्त ती डेटा बघून नंतर हलवायची नाही, आधी लिहून ठेवायची.

मराठी भाषांतर तयार मिळालं तरी आठ-दहा गावकऱ्यांना वाचून दाखवा आणि "तुम्हाला काय समजलं" ते त्यांच्या शब्दांत विचारा. पुण्यात बसून केलेलं भाषांतर मेळघाटात किंवा तळकोकणात चालेलच असं नाही.

स्टेप ४: "एकच घेतो" म्हणजे किती?

इथे थोडं थांबतो, कारण निम्मे सर्व्हे इथेच बिघडतात.

ऑडिट "ड्रिंक"मध्ये मोजते आणि तिचा एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशोब सोपा आहे, मिली गुणिले टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७८९. व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलीचा छोटा पेग साधारण १० ग्रॅम, एक ड्रिंक. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम, म्हणजे चार ड्रिंक. आणि १८० मिलीची क्वार्टर ६१ ग्रॅम, म्हणजे सहा.

आता समोरचा माणूस रोज संध्याकाळी एक क्वार्टर मारतो. तुम्ही विचारलं "एका दिवशी किती घेता?" तो म्हणतो "एकच." तुम्ही "१ किंवा २" वर टिक केलं, शून्य मार्क. पुढचा प्रश्न, एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा? "छे हो, सहा कोण पिणार!" पुन्हा शून्य. रोज पितो म्हणून पहिल्या प्रश्नाचे (किती वेळा पिता) ४, तिन्ही मिळून ४. खरं तर सहा ड्रिंक म्हणून दुसऱ्याचे २ आणि रोज सहा म्हणून तिसऱ्याचे ४, म्हणजे १०. पहिल्या तीन प्रश्नांतच माणूस ८ ची रेषा ओलांडून गेलाय आणि तुमच्या शीटवर तो "कमी धोका". असे पन्नास जण निघाले की तुमचा आकडा गेला.

उपाय म्हणजे फोटोंचं कार्ड बनवा. नाईंटी, क्वार्टर, हाफ, खंबा, बिअरची मोठी-छोटी बाटली, देशीची बाटली, स्टीलचा ग्लास, प्लास्टिकचा ग्लास. माणसाला बोट ठेवू द्या, ड्रिंकमध्ये रूपांतर तुम्ही मागाहून करा. देशीच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते ती बघून घ्या. हातभट्टी, मोहाची, ताडी यांचं मात्र अवघड आहे, भट्टीगणिक कडकपणा बदलतो, तिथे ग्लास किंवा पिशव्या किती आणि पैसे किती एवढं लिहा आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट सांगा की हा अंदाज आहे.

तंबाखूलाही हेच. गॅट्स-२ प्रमाणे महाराष्ट्रात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. "सिगारेट-बिडी ओढता का" एवढंच विचारलंत तर महाराष्ट्रातला तंबाखू तुम्हाला दिसणारच नाही. आणि "तंबाखू खाता का" याला सकाळी दात घासायला मशेरी लावणारी मावशी मनापासून "नाही" म्हणते, कारण तिच्या लेखी ती खात नाहीच. विदर्भात खर्रा, नगरकडे मावा, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारावं लागतं.

स्टेप ५: सँपल

कॉलेजातलं ते चार पीक्यू भागिले एल वर्ग इथेही चालतं (पी म्हणजे अंदाजाचे टक्के, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). समजा धोकादायक पिणारे २० टक्के असतील असा अंदाज आहे आणि ५ टक्के इकडेतिकडे चालेल, तर ४ गुणिले २० गुणिले ८०, भागिले २५, म्हणजे २५६. पण तुम्ही गावं निवडून त्यातली घरं घेणार, एका गावातले लोक एकमेकांसारखे असतात (एका गावात दुकान आहे, दुसऱ्यात नाही), म्हणून डिझाइन इफेक्ट (त्यासाठी सँपल जितक्या पट वाढवायचं तो आकडा) २ धरा, ५१२ झाले. दहा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नकार देतील, म्हणजे साधारण ५७०. गाइड म्हणतील "चारशे कर, पुरे", तेव्हा हे गणित कागदावर दाखवा.

घरात तीन पुरुष असतील तर जो ओट्यावर बसलेला आहे त्याला धरू नका, किश ग्रिड (घरातला कोण घ्यायचा ते ठरवून देणारा तक्ता) वापरा किंवा चिठ्ठी काढा. घर बंद असेल तर शेजारच्या घरात घुसायचं नाही, पुन्हा जायचं, निदान तीनदा. बंद घरातला माणूस बऱ्याचदा कामावर असतो किंवा गुत्त्यावर, आणि तुम्ही घरी सापडलेल्या सज्जनांचाच सर्व्हे करून येता.

सीझन बघा. बीड-नगरच्या बऱ्याच गावांतली जोडपी ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. डिसेंबरमध्ये तिथे गेलात तर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ते गाव एकदम निर्व्यसनी निघेल.

गर्द (ब्राउन शुगर), एमडी (मेफेड्रोन), इंजेक्शनवाले यांच्यासाठी घरोघरचा सर्व्हे फारसा कामाचा नाही, ते घरी सापडत नाहीत आणि सापडले तरी सांगत नाहीत. तिथे कुपनची पद्धत वापरतात, एक माणूस ओळखीच्या दोन-तीन जणांना कुपन देतो, ते पुढे देतात, आणि कोणाच्या किती ओळखी आहेत त्यावरून नंतर वजन लावतात. एम्सच्या सर्व्हेनेही घरोघरी साधारण पावणेपाच लाख लोक विचारले आणि शिवाय अशा कुपनपद्धतीने वेगळे ७२ हजारांवर डिपेंडन्सवाले गाठले. मुलांचंही असंच. त्याच रिपोर्टमध्ये हुंगायचे पदार्थ, म्हणजे व्हाइटनर, सोल्यूशन वगैरे, हा एकच प्रकार असा आहे जो १० ते १७ च्या मुलांत (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. शाळेत जाऊन सर्व्हे केलात तर शाळा सोडलेली, स्टेशनवर राहणारी पोरं त्यात नसणार, हे लक्षात ठेवा. पहिलाच अभ्यास असेल तर हे दोन्ही विषय घेऊ नका असं माझं स्पष्ट मत.

स्टेप ६: एथिक्स कमिटी, आणि खरंखुरं एथिक्स

कमिटीची परवानगी पहिल्या मुलाखतीच्या आधी, नंतर नाही. १८ च्या खालची मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःचीही तयारी. नाव-पत्ता एका रजिस्टरमध्ये, उत्तरं दुसऱ्या फाइलमध्ये, मध्ये फक्त कोड. आधार नंबर कशाला हवाय? घेऊच नका. वर्धा, गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तिथे "कुठून आणता" हा प्रश्न अभ्यासाला लागत नसेल तर काढून टाका, माणूस तुम्हाला एक्साइजवाला समजतो आणि पुढची सगळी उत्तरं "नाही" येतात.

प्यायलेल्या माणसाची संमती ही संमती नाही. नमस्कार करून निघा, सकाळी या.

पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारायचा आणि "हो" आलं की टिक करून दहाव्या घराकडे निघायचं, असं चालणार नाही. आधीच ठरवा, कोणाला फोन करायचा, त्या पीएचसीचा डॉक्टर कोण, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी कुठल्या वारी. टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे नंबर छापलेली चिठ्ठी प्रत्येकाला द्या, फक्त "पॉझिटिव्ह"वाल्यांना दिलीत तर गावभर होतं.

आणि भावनेच्या भरात कोणाला "दादा, आजपासून बंद करा" असा सल्ला देऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरकडे पाठवायचं, बंद कसं करायचं ते डॉक्टर ठरवतील.

स्टेप ७: फील्डवर

आशाताईंशिवाय गावात पान हलत नाही, पण मुलाखत आशाताईंनी घ्यायची नाही. त्यांनी ओळख करून द्यावी आणि बाजूला व्हावं, कारण त्यांच्यासमोर कोण सांगणार. बायको शेजारी बसलेली असेल तर दोन वेगळे आकडे येतात, एक बायकोसमोरचा आणि एक शेताच्या बांधावरचा. बायकांच्या मुलाखतीला बाईच पाठवा, सासूला वेगळ्या कामात गुंतवायला दुसरं कोणीतरी सोबत असलेलं बरं.

प्रश्नांचा क्रमही बघा. आधी शेती, झोप, जेवण, तब्येत, मग चहा-तंबाखू, मग दारू. पहिल्याच मिनिटाला दारूवर गेलात की दरवाजा बंद. आणि "पिता का?" यापेक्षा "बरेच लोक सणावाराला, कामाच्या थकव्याने घेतात, तुमचं कसं असतं?" असं विचारलं की मान हलते. फक्त सगळ्या टीमने एकाच वाक्यात विचारायचं, कोणी समजुतीने आणि कोणी दरडावून असं नको.

डेटा मोबाइलवर कोबोटूलबॉक्समध्ये घ्या, फुकट आहे आणि नेटवर्क नसतानाही चालतं.

स्टेप ८: दारू आणि डिप्रेशन, आधी कोण?

समजा निकाल आला आणि धोकादायक पिणाऱ्यांत डिप्रेशन दुप्पट निघालं. लगेच "दारूमुळे डिप्रेशन" असं लिहायचा मोह होतो. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मोजल्यात, त्यातून कोण आधी आलं ते कळत नाही. कर्जाने खचलेला माणूस पिऊ लागला असेल, पिऊन पिऊन नोकरी गेल्यावर खचला असेल, किंवा नोकरी जाण्याने दोन्ही झालं असेल.

शिवाय दोन प्रश्नावल्यांचं घड्याळही वेगळं आहे. ऑडिट मुख्यतः वर्षभराचं विचारते, पीएचक्यू गेल्या दोन आठवड्यांचं. आणि पीएचक्यूतली झोप नाही, थकवा, भूक नाही, अस्वस्थपणा ही लक्षणं दारू उतरतानाही असतात. बऱ्याच जणांमध्ये पिणं थांबल्यावर काही आठवड्यांत ही लक्षणं ओसरतात, म्हणून डॉक्टर साधारण महिनाभर दारू बंद असतानाही उदासी टिकते का हे बघतात. तुमच्या फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवा: पिणं नियमित कधीपासून, उदास वाटणं पहिल्यांदा कधी, आणि मध्ये कधी महिनाभर बंद होती का, तेव्हा मन कसं होतं. आठवणीवरची उत्तरं कच्ची असतात, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी.

आणखी एक हिशोब करून बघा, कल्पित आहे. हजार लोक, त्यातल्या ५० जणांना खरंच डिप्रेशन. चाचणी आजारी माणसांतले ८० टक्के पकडते, म्हणजे ४०. निरोगी ९५० पैकी १० टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते, म्हणजे ९५. एकूण पॉझिटिव्ह १३५, खरे फक्त ४०. म्हणून रिपोर्टमध्ये "डिप्रेशनचे रुग्ण" लिहायचं नाही, "स्क्रीनिंगमध्ये पॉझिटिव्ह" लिहायचं. जमलं तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी काहींची आणि थोड्या निगेटिव्हचीही मिनी मुलाखत मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घ्या.

"मग व्यसनमुक्ती केंद्रातल्या पेशंटवरच अभ्यास करू ना, सोपं पडेल" असं वाटेल. करा, पण तो वेगळा अभ्यास आहे. एम्सच्या सर्व्हेप्रमाणे दारूचं डिपेंडन्स असलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. तो एक उरलेल्या ३७ सारखा नसतो. ज्याला दारू आणि डिप्रेशन दोन्ही आहे त्याचा त्रास जास्त, घरचे जास्त कंटाळलेले, म्हणून तो केंद्रात पोचण्याची शक्यता जास्त. त्यामुळे केंद्रात दोन्हींची जोडी गावापेक्षा घट्ट दिसते. याला बर्कसन बायस म्हणतात, व्हायवात विचारतातच.

स्टेप ९: आकडेमोड आणि लिखाण

इथे कमी लिहितो, कारण स्टॅटिस्टिशियन असतातच. एपी इन्फो किंवा आर, दोन्ही फुकट. प्रत्येक टक्क्याला ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) द्या, गावांच्या क्लस्टरचा हिशोब सॉफ्टवेअरला सांगा, ऑड्स रेशोमध्ये (पिणाऱ्यांत डिप्रेशनची शक्यता किती पट याच्या हिशोबात) वय, शिक्षण, काम धरा. किती घरं गाठली, किती बंद, किती नकार हे पहिल्याच टेबलमध्ये. प्रश्न जसाच्या तसा, मराठीतच, परिशिष्टात द्या.

रिपोर्ट जमा झाला की गावात परत जाऊन ग्रामसभेत सांगायचं असतं, बरेच जण इथे टाळाटाळ करतात. पूर्ण गावाचा एक आकडा सांगा, वस्तीनिहाय किंवा समाजनिहाय फोड करू नका, गावात ती लगेच भांडणाला वापरली जाते. बायका विचारतील की मग आता दुकान बंद करता का. ते तुमच्या हातात नाही, आडव्या बाटलीचं मतदान कसं मागायचं याची प्रक्रिया आहे, ती माहिती करून घेऊन सांगा. आणि सभा संपल्यावर कोणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणणार, साहेब, पिणाऱ्यांची यादी तेवढी द्या. यादी द्यायची नाही, सरपंचांनाही नाही, आणि कोडचं ते रजिस्टर त्या दिवशी गावात सोबत न्यायचंच नाही.